कार्ड भरलं तेव्हाची दोन मिनिटं

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड फुल’ अशी अक्षरं आली.

जळगावला विद्यापीठाचे मुलींचे बास्केटबॉलचे सामने होते. आमच्या रावेरच्या मुली सहा गुणांनी मागे होत्या. मी बेसलाइनच्या मागे सिमेंटवर मांडी घालून बसले होते. पिशवीत दुसरं कार्ड नव्हतं. माझ्या सेटिंगला सोळा जीबीच्या त्या कार्डात पाचशेच्या आसपास फोटो मावायचे आणि पहिल्या अर्ध्यातच मी बटण दाबून धरून त्यातले बहुतेक संपवले होते. मान खाली घालून मी एकेक फोटो खोडू लागले. कानावर नुसते आवाज येत होते. बुटांची चरचर, सरांचं ‘मॅन घे, मॅन घे’, पंचांची शिट्टी, आणि मग आमच्या बेंचवरून एकदम उठलेला ओरडा. मान वर केली तेव्हा सामना संपला होता. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

त्या दोन मिनिटांत काय घडलं, ते संघातली प्रत्येक मुलगी वेगळं सांगते. एकीच्या मते शेवटची बास्केट डावीकडून झाली, दुसरीच्या मते रिबाउंडवर. गुणपत्रकावर आकडे आहेत, पण आकड्यांत चेहरे नसतात. तिथे कॅमेरा घेऊन बसलेली मी एकटीच होते. दूरदर्शनचे कॅमेरे तालुक्याच्या संघामागे येत नाहीत. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला तर अंतिम सामन्याला, आणि तोही बक्षीस समारंभापुरता. कॉलेजच्या संघाने मैदानावर जे केलं ते पुढे कोणाला दिसायचं असेल, तर त्याच कॉलेजातल्या कोणीतरी ते टिपायला हवं. त्या दिवशी ते काम माझं होतं आणि ते माझ्या हातून राहिलं. तेव्हापासून या कामाचा मी फार विचार केला आहे. खिशात मोबाइल आहे आणि कॉलेजचा संघ खेळतो आहे, अशा प्रत्येक मुलामुलीला हे कळावं, म्हणून हा लेख.

कॅमेरा नसलेला खेळ किती सहज हरवतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २ मार्च १९६२ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावी विल्ट चेंबरलेनने एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्कच्या संघाला १६९ विरुद्ध १४७ असं हरवलं. अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेतला हा विक्रम आजही उभा आहे आणि त्या सामन्याचं चित्रीकरण कुठेच नाही. लोकांच्या डोळ्यांपुढे आहे ते एक छायाचित्र: ड्रेसिंग रूममध्ये बसलेला चेंबरलेन, हातात एक कागद, कागदावर हाताने लिहिलेलं ‘१००’. ते काढलं असोसिएटेड प्रेसच्या पॉल व्हॅथिस यांनी. त्या दिवशी ते कामावर नव्हते. मुलाला सामना दाखवायला घेऊन आले होते. काहीतरी विलक्षण घडतंय हे लक्षात आल्यावर ते गाडीतून कॅमेरा घेऊन आले. आकडा लिहिला वॉरियर्सच्या हार्वी पोलॅक यांनी. एक कागद, एक पेन आणि सुट्टीवरचा एक माणूस, एवढ्यावर ती रात्र उरली आहे.

या खेळाचं पहिलं चित्रसुद्धा एका विद्यार्थ्याच्या हातचं आहे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊ जणांत वाटून खेळायला लावलं. अख्ख्या सामन्यात बास्केट झाली एकच. त्या अठरांत गेंझाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थी होता. त्याने त्या खेळाचं रेखाचित्र काढलं आणि ते संस्थेच्या नियतकालिकात नियमांसोबत छापलं गेलं. इशिकावा स्वतः खेळला आणि खेळलेलं कागदावरही उतरवलं. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी फोटो काढणाऱ्या प्रत्येकाचा तो थोरला भाऊ आहे, असं मला मनापासून वाटतं. त्याच पहिल्या सामन्यातल्या एका संघाचा कर्णधार डंकन पॅटन १८९४ साली भारतात आला आणि हा खेळ इथे घेऊन आला.

महाराष्ट्रात बास्केटबॉल म्हटलं की मुंबईचं नागपाडा आठवतं. दाटीवाटीच्या त्या वस्तीतल्या कोर्टांवरून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू वर आला. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. अलीकडे पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. आमच्याकडे हा खेळ कबड्डी आणि खो-खोच्या मागे उभा असतो. जळगाव-धुळ्याची कॉलेजं १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि २०१८ पासून त्याच्या नावाआधी कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव लागलं. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून निवडलेला विद्यापीठाचा संघ, अशी ही शिडी आहे. बहुतेक मुलींचा प्रवास पहिल्या पायरीवर थांबतो. म्हणून पहिल्या पायरीवरचे फोटो मला सर्वांत मोलाचे वाटतात. पुढच्या पायऱ्यांवर फोटो काढणारे आपोआप भेटतात.

सामन्याच्या दिवशी रावेरहून सकाळची गाडी. निंभोरा, सावदा, मग भुसावळ, तिथून जळगाव. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. संघातल्या निम्म्या मुली केळी उत्पादकांच्या घरच्या. एकीला मी तिच्या शेतात वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेताना पाहिलं होतं. रिंगखाली तिला कोणी हलवू शकत नसे. बागेतला तो खांदा आणि कोर्टावरचा तो खांदा एकच आहे, हे परक्या छायाचित्रकाराला कळलं नसतं. विद्यार्थी छायाचित्रकाराकडे असलेली ही पुंजी कुठल्याही लेन्सपेक्षा मोठी आहे. तो खेळाडूंना ओळखतो. शॉट चुकला की कोण ओठ चावतं, फ्री थ्रोआधी कोण चेंडू तीनदा आपटतं, हे त्याला आधीच माहीत असतं.

लेन्सचं म्हणाल तर आमच्या कॉलेजकडे साधा कॅनन कॅमेरा होता आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स. गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांनी मला दोन दिवसांसाठी ५० मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स दिली. “जपून वापर बेटा, आणि पट्टा गळ्यातच ठेव,” एवढंच म्हणाले. फरक केवढा पडतो, ते आकड्यांत सांगते. आमची लेन्स ५५ ला जास्तीत जास्त एफ ५.६ उघडायची. १.८ आणि ५.६ यांच्यात प्रकाशाचा फरक साडेनऊ पटींच्या वर जातो. म्हणजे संध्याकाळी जिथे शटर १/१०० वर अडायचं, तिथे त्याच उजेडात ते हजारांश सेकंदाच्या जवळ जातं. आणि जुनी घेतली तर या लेन्सएवढी स्वस्त चांगली वस्तू कॅमेऱ्याच्या दुकानात दुसरी मिळत नाही.

शटर जलद का हवं? शॉट मारताना मनगट सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने फिरतं असं धरलं, तर हजारांश सेकंदात ते एक सेंटिमीटर सरकतं आणि १/१२५ मध्ये आठ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटर म्हणजे अख्खा पंजा पुसला गेला. म्हणून उघड्या मैदानावर मी १/१००० च्या खाली येत नसे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मला आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर दाखवली. मुलगी चाळीस सेंटिमीटर उंच उडाली, तर ती हवेत असते सुमारे ०.५७ सेकंद. त्यातला बरोबर अर्धा वेळ ती उडीच्या वरच्या पाव भागात, म्हणजे शेवटच्या दहा सेंटिमीटरमध्ये घालवते. वर जाताना वेग कमी होत शून्यावर येतो आणि मग परत वाढतो, त्यामुळे शिखरापाशी शरीर रेंगाळतं. खेळाडू हवेत थांबल्यासारखा दिसतो तो याच पाव सेकंदात. जंप शॉटमध्ये चेंडूही साधारण तिथेच हातातून सुटतो. तो पाव सेकंद ओळखायला शिकलं की कॅमेरा साधा असला तरी चालतो.

आणि तो बटण दाबून धरून सापडत नाही. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढायचा. दोन फोटोंमध्ये एक पंचमांश सेकंद जातो, आणि तेवढ्यात हातातून सुटलेला चेंडू मीटर-दीड मीटर पुढे गेलेला असतो. पहिल्या फोटोत चेंडू हातात, दुसऱ्यात चौकटीबाहेर, आणि हवा तो क्षण दोहोंच्या मध्ये. कार्ड भरलं ते याच अज्ञानातून. पुढे मी एका उडीला एक फोटो असा नेम धरला. गुडघे वाकताना बघायचं, श्वास रोखायचा, आणि खांदे वर जाऊन थांबायच्या किंचित आधी दाबायचं, कारण डोळ्याने पाहून बोटाने दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच.

बसायचं कुठे, याचाही विचार लागतो. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. रेषेबाहेर चारही बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा नियमाने लागते, तिच्या आत कोणी बसू नये. मी बेसलाइनच्या मागे, रिंग आणि कोपरा यांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसायचे. खालून पाहिलं की उडी उंच दिसते, मागे आकाश येतं आणि बाजूला लावलेल्या मोटरसायकली चौकटीतून जातात. शेजारी पिशवी, तिवई काही ठेवायचं नाही. वेगात आलेली मुलगी थेट अंगावर येते. तिला पडायला जागा हवी आणि आपल्याला कलंडायला. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, एक कॅमेऱ्यात आणि एक कोर्टावर.

खान्देशातल्या उजेडाची एक वेगळी शिकवण आहे. सिमेंटचं कोर्ट उन्हात पांढरं फटफटीत होतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं मानून चालतं, त्यामुळे पांढरी जमीन पाहिली की ते फोटो काळवंडून टाकतं. आमच्या सावळ्या मुलींचे चेहरे मग कोळशासारखे येतात आणि छापल्यावर तर ओळखूच येत नाहीत. उपाय सोपा आहे. खेळाडू ज्या उन्हात आहेत त्याच उन्हात आपला तळहात धरायचा, त्यावर मीटर घ्यायचं, मॅन्युअलवर ते कायम करायचं. माझा तळहात त्यांच्या गालांहून थोडा उजळ, म्हणून मी आणखी जरासं उघडायचे. सावळा चेहरा त्याच्या खऱ्या तेजासकट यायला हवा, यावर मी कधी तडजोड केली नाही.

बंदिस्त हॉलमध्ये पहिल्यांदा फोटो काढले तेव्हा घरी येऊन रडायची वेळ आली होती. एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट, तिसऱ्यात अर्धी चौकट अंधारी. कॅमेरा बिघडला असं वाटलं. कारण होतं छतावरचे दिवे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, आणि प्रत्येक आवर्तनात जुनी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दोनदा उजळून मंद होते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. डोळ्याला ते दिसत नाही. १/१००० च्या शटरला त्या लहरीचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. कधी उजळ, कधी मंद. शटर १/१०० केलं की प्रत्येक फोटोला एक पूर्ण लहर मिळते आणि प्रकाश सारखा येतो, पण पळणारे पाय पुसले जातात. नव्या कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ची सोय असते, ती चालू ठेवावी. माझ्याकडे ती नव्हती. म्हणून हॉलमध्ये मी १/१०० वर स्थिर क्षण घ्यायला लागले: टाइम-आउटमध्ये सरांभोवती वाकलेली डोकी, बेंच, आणि फ्री थ्रो. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर. खेळाडूला चेंडू मिळाल्यापासून पाच सेकंद असतात. तेवढा वेळ सगळे थांबलेले, ती एकटी, समोर रिंग. नव्या माणसाने फोटो काढायला इथूनच सुरुवात करावी. फ्लॅश मात्र वापरू नये, समोरून डोळ्यात चमकला की खेळाडू आंधळी होते.

आमच्याच जिल्ह्यात चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. १९१२ ला मुंबईत जन्मलेले, विलायतेत कला शिकून आलेले, आणि १९८९ ला गेले तोवर त्या घराबाहेर जवळजवळ न पडलेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्यं उभी करणारी त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रं जगभर नावाजली गेली. आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. कॉलेजच्या सहलीत मी ते पाहिलं आणि बराच वेळ एका चित्रापुढे उभी राहिले. प्रकाश कुठून यावा, सावली कुठवर जावी, सगळं त्यांनी ठरवलेलं. कोर्टावर आपल्या हातात यातलं काहीच नसतं. सूर्य, पंच, चेंडू आपापल्या मर्जीने फिरतात. तरी मूस यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली, ती म्हणजे वाट पाहणं. जागा निवडायची, चौकट आधी मनात लावायची, आणि खेळ तिच्यात येईपर्यंत हलायचं नाही. चेंडूमागे कॅमेरा फिरवत राहिलं की सगळ्या सामन्याचे फोटो एकसारखे दिसतात.

चेंडूपासून नजर काढली की काय काय सापडतं! अर्ध्या वेळेला आमच्या मुली केळी खायच्या, घरच्याच बागेतली, गोणपाटाच्या पिशवीतून आणलेली. जिच्या खांद्यावर घड पाहिला होता तीच वाटायची. पांढऱ्या पट्ट्याची निळी जर्सी, गुडघ्यावर खरचटल्याची ताजी रेघ, बोटांना चेंडूची धूळ, आणि त्या बोटांनी ती फणीतून केळ तोडून आधी बदली खेळाडूला देते. बदली मुलगी त्या दिवशी एक मिनिटही खेळली नव्हती. ते केळ घेताना तिने वर पाहिलं. तो फोटो माझ्याकडे आहे. बास्केटचे माझे सगळे फोटो एकीकडे आणि हा एक एकीकडे, असं मला वाटतं. वार्षिकांकात मात्र तो छापला नाही, ‘खेळाचा’ फोटो हवा होता.

दुसऱ्या संघाचेही फोटो काढावेत. हरलेल्या संघाकडे बहुधा कोणाचंच लक्ष नसतं. आणि सामन्यानंतर त्यांच्या कर्णधाराचा नंबर घेऊन तिला तिचे फोटो पाठवावेत. मी पाठवले तेव्हा एकीने लिहिलं, “ताई, मला खेळताना घरच्यांनी पहिल्यांदा पाहिलं.”

पाठवण्याआधी निवड करताना हात आखडता ठेवावा. धावताना, पडताना कपडे अस्ताव्यस्त झालेले, चेहरा वेडावाकडा आलेला असे फोटो मी त्याच दिवशी खोडायचे. ते कार्डावर राहिले की कधीतरी कुठल्यातरी ग्रुपवर जातात. अकरावी-बारावीच्या मुली तर अठराच्या आतल्या. त्यांचे फोटो बाहेर टाकण्याआधी त्यांना आणि घरच्यांना विचारायलाच हवं. एकीच्या वडिलांनी नको म्हटलं, तेव्हा मी तिचे फोटो छापून तिच्याच हातात दिले. तिने ते वहीत ठेवले.

आता नावांबद्दल. सामना सुरू होण्याआधी टेबलवर जाऊन गुणलेखकाच्या पत्रकावरून जर्सी क्रमांक आणि नावं वहीत उतरवून घ्यायची, दोन्ही संघांची. दोन मिनिटांचं काम. घरी आल्यावर प्रत्येक निवडक फोटोला तारीख, ठिकाण, सामना, आणि डावीकडून उजवीकडे नावं, पूर्ण नावं. ‘रावेरची खेळाडू’ असं लिहू नये. तिला नाव आहे. मोबाइलमध्ये, संगणकात, कुठेही ठेवा, पण दोन जागी ठेवा.

हे मी इतकं का सांगते, तर आमच्या जिमखान्यात कपाटावर एक जुनी तसबीर होती. बारा मुलं, दोन रांगांत, पुढे खुर्चीवर सर, मध्ये चेंडू, चेंडूवर खडूने लिहिलेलं ‘पुणे विद्यापीठ’ आणि साल. सालातला शेवटचा आकडा पुसट झालेला. पण पुणे विद्यापीठ म्हणजे १९९० च्या आधीचा संघ. खाली नावाची पट्टी नव्हती. कार्ड भरल्याच्या त्या सामन्यानंतर मी ती तसबीर उतरवून घेतली आणि तिचा फोटो काढून माहिती काढायला निघाले. जिमखान्यातल्या निवृत्त शिपाईकाकांनी चार जणांना ओळखलं. “हा डावीकडचा आता सावद्याला केळीचा व्यापारी आहे,” असं त्यांनी सांगितलं. मी सावद्याला गेले. त्या गृहस्थांनी चष्मा पुसून बराच वेळ फोटो पाहिला आणि आणखी तीन नावं सांगितली. एकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा उंच होता, रिंगला हात लावायचा. नाव... थांब, आठवेल.” त्या दिवशी आठवलं नाही. दोन महिन्यांनी त्यांचा रात्री साडेदहाला फोन आला. नुसतं नाव सांगितलं आणि ठेवला.

आठ झाली. तसबिरीच्या मागे मी पेन्सिलने रांगा आखल्या आहेत आणि चार घरं रिकामी ठेवली आहेत.